ढोल एका ओळीला गप्प होता

इलोडोच्या राजवाड्यासमोर गाणं लागलं तेव्हा अर्धं गाव खुर्च्यांवर बसलं होतं. तिसऱ्या कडव्याला त्या खुर्च्या हवेत होत्या.

गाणं गावची म्हातारी गायिका अल्हाजा मोदिनात हिचं, नव्या राजाची निवड जाहीर व्हायची म्हणून खास केलेलं. राजकुमार अदेगोके पुढच्या रांगेत कडक इस्त्रीत बसला होता आणि लाउडस्पीकर त्याचे गोडवे गात होता. मग ती ओळ आली. ‘ओमो एरु.’

आता योरुबा भाषेत शब्दाचा अर्थ सुरावर बसतो. ‘ओमो’ म्हणजे पूत. ‘एरु’ची दोन्ही अक्षरं खालच्या सुरात म्हटली तर दरारा. शेवटचं अक्षर वर चढवलं तर गुलाम. इथलं पोर चालायला लागण्याआधी हा फरक शिकतं. ज्याच्या कानाला तो कळत नाही त्यानं बाजारात मीठसुद्धा मागू नये. अल्हाजा ज्याला ‘दराऱ्याचा पूत’ म्हणणार होती, त्याला लाउडस्पीकर ‘गुलामाचा पूत’ म्हणाला. चढ्या सुरात, घुमवून, आणि इको लावलेला असल्यामुळे दोनदा.

अदेगोकेच्या पणजीला कुठूनतरी विकत आणलं होतं, अशी कुजबुज गावात होतीच. पिढ्यान्‌पिढ्या ती विहिरीवर चालायची. आज ती वाड्यासमोर झाली.

लोकांनी स्पीकर फोडले, मग वादकांचे ढोल फोडले. एकच ढोल वाचला, कारण म्हातारे आयानवालेबाबा त्याच्यावर पालथे पडले होते. पोलिसांनी अल्हाजाला गाडीत घालून ठाण्यात आणलं. मागोमाग राजनिवड करणाऱ्या वडीलधाऱ्यांचा म्होरक्या, बालोगुन, काठी आपटत दारात आला.

“उद्या दुपारी वाड्यासमोर उभं राहायचं, मोदिनात. ही ओळ तुझ्या तोंडची ठरली, तर या गावात पुन्हा तोंड उघडायचं नाही. बारशाला नाही, लग्नाला नाही, मयताला नाही.”

चाळीस वर्षं या गावात एकही मूल तिच्या गाण्याशिवाय नाव घेऊन घरी गेलं नव्हतं. पण गर्दीला स्मरणशक्ती नसते, नुसते हात असतात.

इबादानहून इन्स्पेक्टर अबिओनाला बोलावणं गेलं. ही बाई चार वर्षं बनावट आवाजांच्या प्रकरणांत होती. कुणाच्या तरी आईचा आवाज कापून-जोडून परदेशातल्या मुलाकडून पैसे उकळणारी टोळकी तिनं पकडली होती. माणसांविषयी तिचं मत फारसं चांगलं उरलं नव्हतं. आवाजांविषयी मात्र अजून होतं.

ठाण्यात अल्हाजा बाकावर ताठ बसली होती. समोरच्या ताटलीतल्या भज्यांना तिनं हात लावला नव्हता. अबिओनानं गुडघे टेकून नमस्कार केला, मग खुर्ची ओढली.

“अल्हाजा, ती ओळ तुम्ही कशी म्हटलीत?”

“तुला दात यायच्या आधीपासून मी गातेय, पोरी. कशी म्हणणार? बरोबर म्हटली.”

“रेकॉर्डिंग कुठं झालं?”

“इबादानला. त्या रॉयसकडे. काळा चष्मा लावून घरात बसतो ना, तो. म्हणाला, ‘आधी तुम्ही गा, ढोल मी मशीनमधून टाकतो.’ मी म्हटलं, मशीनला आई-बाप आहेत का? मग ढोल कसा बोलेल? सगळे एका खोलीत बसलो, वाजवलं, गायले, उठलो.”

“भांडण झालं?”

“भांडायला तो माझ्या बरोबरीचा आहे का? जाताना मी त्याला चारचौघांत मान दिला, तर यानं तोंड वाकडं केलं. आजकाल मानसुद्धा पचत नाही पोरांना.”

आयानवालेबाबा कोपऱ्यात ढोल मांडीवर घेऊन बसले होते. काखेत धरून दाबायचा तो ढोल. दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो, म्हणून तो बोलतो. आयान हे नावच ढोलकऱ्यांचं. त्यांच्या घराबाहेर कुणी पोराला ते नाव ठेवत नाही.

“बाबा, त्या ओळीला तुम्ही काय वाजवता?”

“ती म्हणते तेच. ती म्हणाली की माझा ढोल मागून तेच म्हणतो. रेकॉर्डिंगलाही म्हणाला.”

“आणि सकाळी? स्पीकरवर ऐकू आला?”

“सकाळी खुर्च्या उडत होत्या, बाई.”

अबिओनानं कानाला हेडफोन लावले आणि गाणं ऐकलं. पहिलं कडवं: आवाज, मागून ढोल. दुसरं: आवाज, मागून ढोल. तिसऱ्याला ‘ओमो एरु’ चढ्या सुरात आलं, नुसतं घुमलं. मागून टाळ्या आल्या, मणी ओवलेल्या तुंबडीची खळखळ आली. ढोल आला नाही. पुढच्या ओळीला तो पुन्हा हजर.

तिनं ती जागा पुन्हा ऐकली, आणि गाडी काढायला सांगितली.

वाटेत अल्हाजाचा मॅनेजर जिनादू मागच्या सीटवर होता. दोन फोन, तीन अंगठ्या, अक्कल शून्य. इबादानमध्येच जन्मला, तिथेच फुगला.

“पेन ड्राइव्ह तू आणलास?”

“हो मॅडम. रॉयसकडून घेतला, थेट वाड्यावरच्या साउंडवाल्याला दिला.”

“गाणं ऐकलंस?”

“सुरुवात ऐकली ना. एकदम दणदणीत होती.”

“अख्खं का नाही?”

“दणदणीत आहे हे कळल्यावर पुढे कशाला ऐकायचं?”

“रॉयसच्या कॉम्प्युटरसमोर एकटा कधी बसला होतास?”

जिनादूनं अंगठी फिरवली. “एकदा. तो जेवायला गेला होता. मी फोन चार्ज करत होतो, आईशप्पथ.”

“ढोल काय म्हणतो ते कळतं तुला?”

“ढोल काय म्हणणार, मॅडम? ढोल ढोल म्हणतो.”

हे खरं की सोंग, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. त्या चेहऱ्यावर एरवीही काही कळण्यासारखं नसायचं.

रॉयसचा स्टुडिओ गाद्यांच्या दुकानावर होता. दारावर ‘रॉयस साउंड इंटरनॅशनल’. त्यात इंटरनॅशनल एवढंच की जनरेटर चिनी होता. रॉयस फिरत्या खुर्चीत पसरला होता. लंडनला दीड हिवाळा काढून आलेला माणूस. तिथून येताना बाकी काही नाही, पण उच्चार तेवढा घेऊन आला होता. नाकानं कांदे सोलावेत तर त्यानंच.

“तुम्हाला योरुबा येते?” अबिओनानं विचारलं.

“नो मॅडम. मी बाहेर वाढलो. माझ्यासाठी ते शब्द म्हणजे नुसता आवाज. टेक्स्चर.”

“बाहेर म्हणजे कुठं?”

“बाहेर.”

बोलताना त्याची बोटं टेबलावर चालूच होती. खाली जनरेटर धडधडत होता, त्याच्या धडधडीतही ती जागा शोधून ठेका भरत होती.

“या गाण्याचं तुम्ही काय काय केलंत?”

“मिक्सिंग. आवाजातला खालचा गाळ इक्वलायझरनं काढला, वरची चमक वाढवली, घुमारा दिला, इको दिला. आणि सूर सुधारायचं सॉफ्टवेअर लावलं. म्हाताऱ्या बायका, मॅडम. सूर सापडत नाही त्यांना.”

“ते सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?”

“हुकलेला सूर जवळच्या बरोबर सुरावर बसवतं. आपोआप.”

“जवळच्या?”

“जवळच्या. आता त्यात एखादा शब्द वरखाली झाला असेल. मशीनला काय कळतंय तुमच्या राजाची पणजी?”

“सुधारायच्या आधीचा आवाज दाखवा.”

“पुसला. डिस्क भरते.”

“बरं. त्या ओळीला ढोल का नाही?”

रॉयसनं स्क्रीनकडे बघितलं. ढोलाच्या पट्टीत तेवढ्या जागी स्वच्छ भोक होतं.

“गर्दी होत असेल. मुख्य आवाजाला जागा लागते.”

“अख्ख्या गाण्यात गर्दी त्याच ओळीला झाली?”

“कला आहे, मॅडम. पण खरं सांगू? हे मी केल्याचं मला आठवतही नाही.” तो पुढे वाकला. “जिनादू इथं एकटा बसला होता. योरुबा त्याला येते ना? मला नाही.”

दारातल्या जिनादूचा एक फोन खाली पडला.

“उठा,” अबिओना रॉयसला म्हणाली आणि त्याच्या खुर्चीत बसली. तिनं सगळे ट्रॅक बंद केले आणि तुंबडीचा एकटाच चालू ठेवला. खोली खळखळीनं भरली. मग तिनं इक्वलायझर उघडला. वरचे सूर पार कापले, मधले हळूहळू उचलले. मण्यांची खळखळ विझत गेली. तिच्या मागे, भिंतीपलीकडून यावा तसा, एक ढोल बोलत होता.

“एकाच खोलीत वाजवलं की असंच होतं,” रॉयस वैतागून म्हणाला. “एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरतो. घाण नुसती.”

अबिओनानं ती जागा लावली. ढोल म्हणाला: मध्यम, मध्यम, मग खाली, खाली. दराऱ्याचा पूत.

“म्हणजे म्हातारीनं बरोबर म्हटलं होतं,” रॉयस म्हणाला आणि खांदे उडवले. “चला, छान झालं. मशीनची चूक नाहीतर जिनादूची. मी सॉरी म्हणायला तयार आहे.”

“उद्या वाड्यावर येऊन म्हणा,” ती म्हणाली. “गावाला तुमचा उच्चार ऐकू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इलोडोत आयानवालेबाबांच्या ओट्यावर गेली आणि त्यांना एक गोष्ट विचारली. म्हातारा आधी चकित झाला, मग पोट धरधरून हसला. तिथून ती बालोगुनकडे जाऊन आली.

दुपारी वाड्यासमोर कालचंच गाव जमलं होतं. काल खुर्ची फेकणारे आज सावली धरून बसले होते, जणू काल ते गावातच नव्हते. वडीलधारे ओळीनं बसले. त्यांच्यापुढे दोन खुर्च्या: एकीत जिनादू, दुसरीत रॉयस. अल्हाजा एका बाजूला उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नाही.

अबिओनानं आधी तुंबडीचा ट्रॅक ऐकवला. दोनदा ऐकवला. खालचे दोन सूर ऐकून वडीलधाऱ्यांच्या माना हलल्या.

“ढोल मागून तेच म्हणतो जे गाणारी पुढे म्हणते,” बालोगुन पुटपुटला. “मग हे कुणी केलं?”

“हा मॅनेजर एकटा बसला होता कॉम्प्युटरपाशी,” रॉयस म्हणाला. “मी तर भाषाही—”

सगळं गाव जिनादूकडे वळलं. जिनादूच्या कपाळावर घाम फुटला.

“थांबा,” अबिओना म्हणाली. “बाबा, तोवर जरा वाजवा. सकाळपासून ढोल गप्प आहे.”

आयानवालेबाबांनी ढोल काखेत घेतला, टोकाला वाकवलेली काठी उचलली आणि एक छोटासा तुकडा वाजवला. तीन-चार ठोके, एक चढ, एक उतार. वडीलधारे एकमेकांकडे बघत राहिले. हा बोल त्यांच्या ओळखीचा नव्हता. जिनादू घाम पुसत होता.

रॉयसचा हात झटकन मागे गेला आणि त्यानं आपली पँट चाचपली.

तो हात तिथेच थिजला. म्हातारा पुन्हा हसायला लागला.

“पँट शाबूत आहे, मिस्टर रॉयस,” अबिओना म्हणाली. “बसा आरामात.”

“म्हणजे? मी— खुर्चीला खिळा होता.”

“खुर्ची मी स्वतः निवडलीय. बाबा, काय वाजवलंत ते सांगा सगळ्यांना.”

“‘तुझी चड्डी मागून फाटली,’” बाबा म्हणाले. “ढोलकऱ्यांची पोरं एकमेकांना असं चिडवतात. आमच्या घरांबाहेर हे कुणी वाजवत नाही, आणि कुणाला कळतही नाही.”

गर्दीत खसखस पिकली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या तर पँटीत होतं.

“हा योगायोग आहे!” रॉयस ओरडला. गंमत म्हणजे त्याचा लंडनचा उच्चार एवढ्यात कुठे गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“योगायोग एकटा असता तर मी तुम्हाला इथवर आणलंच नसतं,” अबिओना म्हणाली. ती बालोगुनकडे वळली. “मशीननं चूक केली असं हे म्हणतात. पण यांनीच मला सांगितलं, मशीन सूर जवळच्या सुरावर नेतं. तळाचा सूर उडी मारून माळ्यावर जात नाही. तो कुणीतरी हातानं धरून वर ओढलाय. ओढलेला आवाज पातळ पडतो, म्हणून तेवढ्याच ओळीवर जास्तीचा घुमारा आणि इको चढवलाय. हे काम येणारा हात आहे. जिनादूला स्वतःच्या फोनचा आवाज कमी करता येत नाही.”

“खरंय मॅडम,” जिनादू कळवळून म्हणाला.

“आता ढोल. एवढ्या गाण्यात फक्त तिथंच ढोल पुसला. का? ज्याला ढोल म्हणजे नुसता ठेका वाटतो, तो कशाला पुसेल? ज्याला ठाऊक आहे की हा ढोल मागून येऊन माझं खोटं उघडं पाडेल, तोच पुसणार. काल रात्रीपर्यंत मी इथंच अडले होते. ज्याला ढोल कळतो असं मला वाटत होतं, त्याला मशीन येत नाही. ज्याला मशीन येतं, तो म्हणतो मला भाषाच कळत नाही. मग मला याची बोटं आठवली. जनरेटरच्या बेताल धडधडीत जागा शोधून ठेका भरत होती. असा ठेका लंडनला शिकवत नाहीत. तो मांडीवर बसून शिकावा लागतो, बापाच्या नाहीतर आजोबाच्या.”

आयानवालेबाबा उठले आणि रॉयससमोर येऊन उभे राहिले. त्यांचं हसू आता गेलं होतं.

“कुठल्या घरचा तू?”

रॉयसनं नाकावरचा चष्मा सारखा केला.

“ढोलकऱ्याला ढोलकरी विचारतोय. कुठल्या घरचा?”

त्यानं काळा चष्मा काढला. डोळे अगदी साधे होते, एखाद्या कारकुनाचे असावेत तसे.

“ओयोचा,” तो खाली बघत, चोख योरुबात म्हणाला. “आयानदेले.”

“आणि हिनं तुझं काय वाईट केलं होतं?” बालोगुननं विचारलं.

“माझ्या स्टुडिओत माझे क्लायंट बसले होते,” तो म्हणाला. “टीव्हीवाले होते. दहा वर्षं लागली मला रॉयस व्हायला. ही बाई दारात थांबली, माझ्या हातांकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं गायला लागली. ‘आयानचा पूत.’ हसले ते. दारोदार वाजवत भीक मागणाऱ्याचं पोर म्हणाली मला. गुलामाचं पोर म्हणाली. मग म्हटलं, हेच तिला राजासमोर म्हणू दे.”

अल्हाजा पहिल्यांदाच जागची हलली.

“मी ‘आयानचा पूत’ म्हटलं,” ती म्हणाली. “माझ्याकडे त्यापेक्षा मोठा मान नाही, आणि तो मी तुला फुकट दिला. गुलाम तू ऐकलंस. तेही माझ्या तोंडातून नाही, तुझ्याच पोटातून.”

शिपायानं आयानदेलेला उठवलं. जाताना गर्दीतल्या दोघा-तिघांनी त्याच्यावर हात उगारला. हे काल खुर्च्या फेकणारेच होते. हाताला काम मिळालं की समोर माणूस कोण याचं त्यांना फारसं सोयरसुतक नव्हतं. अबिओनानं एकेकाचं मनगट पिरगाळून त्यांना बाजूला केलं.

मग बालोगुननं घसा साफ केला आणि काठी जमिनीवर टेकवली.

“चूक झाली, मोदिनात. बंदी उठली. राज्याभिषेकाला तूच गायचं.” त्यानं मागे खूण केली. “अरे, कुणीतरी खुर्ची द्या तिला.”

एक सोडून चार खुर्च्या आल्या. अल्हाजानं एकीकडेही बघितलं नाही.

“तुझ्या बारशाला माझी आई गायली होती, बालोगुन,” ती म्हणाली. “तुझ्या आईच्या मयताला मी गायले. या गर्दीत असं एक पोर दाखव ज्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. आणि काल एक डबडं म्हणालं, मोदिनात असं बोलली. तुमच्यातला एकही उठला नाही. ‘ती असं बोलणार नाही, थांबा, तिला विचारू,’ एवढं म्हणायला एकालाही तोंड नव्हतं. त्या पोरानं डबड्याला खोटं बोलायला शिकवलं, त्याला ही बाई तुरुंगात घालेल. ते खोटं खरं मानायला तुम्हाला कुणी शिकवलं?”

अदेगोके पुढच्या रांगेत होता. त्यानं आपल्या बाहीची इस्त्री नीट केली.

“तुमची बंदी उठली,” अल्हाजा म्हणाली. “माझी आजपासून सुरू. बारशाला नाही, लग्नाला नाही, मयताला नाही.”

तिनं डोक्याचं कापड नीट केलं आणि चालू लागली. आयानवालेबाबांनी ढोल पाठीवर टाकला आणि तिच्या मागे निघाले. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

बातमी आसपासच्या गावांत त्याच संध्याकाळी पोचली. राज्याभिषेकासाठी बालोगुननं माणसं पाठवली, मग भेटवस्तू पाठवल्या, शेवटी स्वतः गेला. एकही गाणारी आली नाही, एकही ढोलकरी आला नाही. अदेगोकेला मुकुट गाण्यावाचूनच घालावा लागला. इलोडोत असं पूर्वी कधी झाल्याचं कुणाला आठवत नाही.